नामपाहणी, संगणक भाषांतील

इंटरप्रिटर चालू असताना त्याच्या स्मृतीत त्या क्षणी कोणती चले व कोणती फलने परिभाषित आहेत आणि त्यांचे मूल्य व स्वरूप काय आहे, हे त्यालाच विचारून जाणून घेण्याच्या क्रियेस नामपाहणी म्हणता येईल. चल म्हणजे मूल्याला दिलेले नाव व फलन म्हणजे कृतीला दिलेले नाव. इंटरप्रिटर आज्ञावलीतील एकेक विधान वाचून ते लगेच अमलात आणतो. उलट कंपायलर संपूर्ण आज्ञावलीचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर करतो. या दोहोंतील फरक केवळ वेगाचा नाही. नावे जपावयाची की टाकून द्यावयाची, हाही प्रश्न त्यात गुंतलेला असून नामपाहणीचा इतिहास हा मुख्यतः नावे जपण्याचा इतिहास आहे.

हा प्रश्न सोलापूरच्या जॅकार्ड मागावरून चांगला स्पष्ट होतो. भौगोलिक निर्देशन लाभलेल्या सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड यंत्रणेने विणली जाते. ही यंत्रणा फ्रान्समधील लीआँ येथील जोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ मध्ये सिद्ध केली. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड येण्यापूर्वीच्या पद्धतीत पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर चढवीत. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड असे. कार्डावर छिद्र असेल तेथील सुई आत जाऊन उभा धागा वर उचलला जाई. छिद्र नसेल तेथे तो खालीच राही. एक कार्ड वाचावे, तेवढी कृती करावी आणि पुढील कार्डाकडे वळावे, ही रीत इंटरप्रिटरच्या रीतीशी जुळणारी आहे. मात्र एक उणीव होती. मोराची नक्षी कार्डांच्या माळेत पूर्णपणे साठविलेली असली, तरी ‘मोर’ हे नाव तिच्यात कोठेही नसे. ते नक्षीच्या चौकटीदार कागदावर व कारागिराच्या ध्यानात राही. मागाला नक्षी विणता येई. ती कोणती, हे सांगता येत नसे.

आरंभीच्या संगणक भाषांचीही स्थिती अशीच होती. १९५७ मध्ये प्रचारात आलेल्या फोरट्रान या भाषेत आज्ञावलीकार चलांना नावे देई. परंतु कंपायलर त्यांच्या जागी स्मृतीतील स्थानांक योजी. रूपांतर झाल्यावर नावांचे प्रयोजन उरत नसे. उत्तर चुकल्यास स्मृतीतील अंकांची लांबलचक छापील यादी काढून कोणता अंक कोणत्या चलाचा, हे माणसालाच शोधावे लागे.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लिस्प भाषेच्या कामास प्रारंभ केला, तेव्हा ही स्थिती पालटली. त्यांच्या १९६० च्या निबंधातील ‘इव्हॅल’ हे फलन मुळात सैद्धांतिक मांडणीसाठी होते. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या संगणकासाठी हाताने यंत्रभाषेत उतरविले आणि लिस्पचा इंटरप्रिटर अस्तित्वात आला. लिस्पमध्ये प्रत्येक नावासोबत त्याच्या गुणधर्मांची यादी स्मृतीत राही व फलनाची व्याख्याही तीत नोंदलेली असे. ही व्याख्या स्वतःच एक यादी असल्याने ती इतर माहितीप्रमाणे वाचता येई. चालणारी कृती व वाचता येणारा मजकूर यांतील भिंत येथे प्रथम ठळकपणे मोडली.

नामपाहणीसाठी खास आज्ञा एपीएल भाषेत स्पष्ट रूपात आढळतात. केनेथ आयव्हरसन यांच्या १९६२ च्या ग्रंथातील गणिती लेखनपद्धतीवर आधारलेली ही भाषा १९६६ पासून आयबीएम ३६० संगणकांवर वापरात आली. तीत ‘कार्यक्षेत्र’ ही कल्पना होती : वापरणाऱ्याची सर्व चले व फलने एकत्र साठवावयाची व पुढे जशीच्या तशी परत आणावयाची. ‘व्हार्स’ ही आज्ञा दिली असता चलांची व ‘फन्स’ दिली असता फलनांची नावे छापली जात. क्लीव्ह मोलर यांच्या मॅटलॅबमध्ये याच कामासाठी ‘हू’, म्हणजे ‘कोण’, ही आज्ञा होती. यूनिक्सच्या १९७९ मधील बॉर्न शेलमध्ये नुसते ‘सेट’ लिहिले की चलांची यादी मिळे. सूक्ष्मसंगणकांवरील अनेक बेसिक इंटरप्रिटरांत मात्र ‘लिस्ट’ आज्ञेने आज्ञावली दिसे, पण चलांची यादी मिळत नसे. नाव ठाऊक असेल तरच मूल्य विचारता येई.

या व्यावहारिक सोयीला सैद्धांतिक बैठक ब्रायन कँटवेल स्मिथ यांच्या १९८२ च्या प्रबंधाने दिली. आज्ञावलीने स्वतःच्याच चालू स्थितीचा विचार कसा करावा, हा त्याचा विषय होता. खीडो फान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत ही सोय सामान्य वापरात आली. तीत ‘डिर’ हे फलन कंस रिकामे ठेवून वापरले असता त्या ठिकाणी परिभाषित असलेल्या नावांची यादी देते. २००१ मध्ये २.१ या आवृत्तीत आलेल्या ‘इन्स्पेक्ट’ या विभागाने फलनाचा मूळ मजकूरही पाहता येतो. परंतु हा मजकूर सामान्यतः फाइलीतून वाचला जातो. मध्यंतरी फाइल बदलली असल्यास दिसणारा मजकूर व चालणारे फलन यांत तफावत पडू शकते.

नामपाहणीची खरी गरज अशाच ठिकाणी पडते. सुताचा दर साठविणारी ओळ आज्ञावलीतून खोडली, तरी इंटरप्रिटर चालू असेपर्यंत ते चल स्मृतीत टिकून राहते. हिशेब बिनतक्रार होतो, परंतु जुन्या दराने. यंत्र चूक दाखवीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. नावांची यादी पाहिली तरच शिल्लक राहिलेले चल उघडकीस येते.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन ३ पासून चलांना देवनागरी नावे देता येतात. युनिकोडमध्ये ‘ॲ’ या अक्षरासाठी त्याच वर्षी स्वतंत्र संकेत आला. तत्पूर्वी ते ‘अ’ व त्यावरील चंद्र अशा दोन संकेतांनी लिहीत व आजही तसे लिहिता येते. त्यामुळे ‘ॲक्रिलिक’ हे चल दोन प्रकारे लिहिल्यास ते डोळ्यांना एकच दिसते, पण इंटरप्रिटर त्याला दोन चले मानतो. यादीत हे नाव दोनदा आलेले पाहूनच त्याचा उलगडा होतो.

महाराष्ट्रात या भाषांच्या प्रसारास मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील फॉसी व स्पोकन ट्यूटोरियल या प्रकल्पांचा हातभार लागला आहे. मुक्त वापराच्या पायथन व सायलॅब या प्रणालींवरील पाठ त्यांनी उपलब्ध केले असून त्यांतील अनेक पाठांचे निवेदन मराठीतही आहे. सायलॅबमध्येही ‘हू’ ही आज्ञा आहे. सोलापुरात वालचंद तंत्रविद्या संस्था १९८३ मध्ये व विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. जेथे पूर्वी माग सांगेल तेवढेच विणीत असे, त्याच शहरातील विद्यार्थी आता यंत्राला ‘तुला काय ठाऊक आहे’ असे विचारू शकतो. यंत्र मात्र नाव, प्रकार व मूल्य एवढेच सांगते. नाव योग्य दिले आहे की नाही, हे ठरविण्याचे काम चौकटीदार कागदापुढे बसलेल्या कारागिराप्रमाणे माणसाकडेच राहते.