वात, शनी आणि तेल

गुडघे धरले, कंबर आखडली की आपल्याकडे एकाच दमात दोन निदाने होतात : ‘वात वाढला आहे’ आणि ‘शनीचा फेरा आहे’. ही जोडी वेदकाळापासून चालत आली आहे, असा आपला सर्वसाधारण समज. तो कितपत खरा आहे, हे आज पाहू.

वेदांग ज्योतिष झाले ते यज्ञाचे काळ ठरविण्यासाठी. त्यात सूर्य-चंद्रांची गती आहे, नक्षत्रे आहेत. बारा राशी नाहीत आणि जन्मपत्रिकाही नाही. फलज्योतिष पुढे यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, संपर्काने वाढले. होरा, केंद्र, द्रेक्काण हे शब्दच त्याची साक्ष देतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त ग्रहांना दोष वाटून दिले : रवी व मंगळ पित्ताचे, गुरू कफाचा, चंद्र व शुक्र वातकफाचे, बुध तिन्हींचा आणि शनी निव्वळ वाताचा.

ही वाटणी कशी सुचली असावी? वाताचे गुण रूक्ष व शीत, असे वैद्य सांगत होतेच. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनेही शनीला थंड व कोरडा म्हटले आहे. दोन परंपरांतील सारख्या गुणांची येथे गाठ पडली, असे आम्हांस वाटते.

वैद्यांची वाट मात्र निराळी होती. चरकसंहितेत वाताचे ८० विकार मोजले आहेत. वात कोपतो कशाने? रुक्ष व अल्प अन्नाने, जागरणाने, अतिश्रमाने, चिंतेने, शोकाने. ही सारी कारणे माणसाच्या दिनचर्येतली आहेत. उपायही तसेच : तेल, शेक, स्निग्ध आहार आणि सर्वांत श्रेष्ठ बस्ती. चरकाने दैव नाकारले असे नव्हे. मंत्र, मणी, होम यांची ‘दैवव्यपाश्रय’ चिकित्सा तो सांगतो. पण तिच्या शेजारी आहार-औषधाची ‘युक्तिव्यपाश्रय’ आणि मनाला आवरणारी ‘सत्त्वावजय’ ठेवतो. आयुष्य सर्वस्वी नियतच असते तर औषधाचे प्रयोजन काय, असा त्याचा रोकडा सवाल आहे.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोमर वंशातील वीरसिंहाने ‘वीरसिंहावलोक’ रचून या वाटा एकत्र आणल्या. एकेका रोगाखाली ग्रहयोग, मग कर्मविपाक व प्रायश्चित्त, आणि पुढे औषध. ग्रह मानणाऱ्या या ग्रंथकारानेही औषध वगळले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे शनिवारी शनीला तेल वाहतात, आणि दिवाळीत अंगाला तेल चोळतात. जे तीळतेल देवाला, तेच वैद्याला वातावर मान्य. तेल वाहून एखाद्याच्या मनाला धीर येत असेल, तर त्याची थट्टा करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु शनीच्या गतीने सांधे आखडतात याला पुरावा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

प्रश्न केवळ गुडघ्यांचा असता तर हा वाद एवढ्यावर मिटला असता. पण वातव्याधींतच पक्षाघात येतो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की आता घड्याळाकडे पाहावयाचे असते. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही रुग्णालयात तपासणी करून. ते तास पत्रिका मांडण्यात किंवा तेल चोळण्यात गेले, तर माणूस जन्माचा अधू होतो. कधी प्राणासही मुकतो.

आपल्या पूर्वजांनी दैव आणि युक्ती अशी दोन नावे मुद्दाम निराळी ठेवली होती. त्यांचा अभिमान बाळगावयाचा, तर तो भेदही आपण पाळला पाहिजे. शनीचे तेल पुढच्या शनिवारीही वाहता येईल; रोग्याला मात्र आधी रुग्णालयात पोहोचवावे.