सुपारीचा जुलाब आणि न्यूझीलंडमधील मेंढपाळी कुत्री

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी श्वानवैद्यकात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा व खंडाखंडांचा जंत, पाडण्यासाठी सुपारी हे नेहमीचे औषध होते. कोकणातील पोफळीच्या बागांतून पानाच्या डब्यात जाणारे हेच फळ तेथे ताजे किसून, कुत्र्याच्या वजनाच्या दर पौंडामागे दोन ग्रेन, म्हणजे साधारण १३० मिलिग्रॅम, या हिशेबाने उपाशीपोटी दिले जाई आणि काही वेळाने वरून एरंडेल पाजले जाई. सुपारीतील अरेकोलीन हे क्रियाशील द्रव्य एर्न्स्ट यान्स या जर्मन रसायनज्ञाने १८८८ च्या सुमारास वेगळे केले, तेव्हा या उपायामागचे कारण स्पष्ट होण्याची वाट मोकळी झाली : अरेकोलीनमुळे जंत लुळा पडून आतड्यावरची त्याची पकड सुटते आणि त्याच वेळी कुत्र्याचे आतडे जोराने आकुंचन पावून त्याला बाहेर लोटते. जंत मरत मात्र नाही.

या उपायाला सार्वजनिक आरोग्याचे महत्त्व आले ते एकिनोकॉकस या अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या पट्टकृमीमुळे. कुत्र्याच्या विष्ठेतील त्याची अंडी मेंढीच्या किंवा माणसाच्या पोटात गेली की यकृतात वा फुप्फुसात हायडॅटिड पुटी, म्हणजे द्रवाने भरलेली व हळूहळू वाढणारी गाठ, तयार होते. आणि कापलेल्या मेंढीचे असे यकृत कुत्र्याला टाकले की चक्र पुरे होते. डॅनिश वैद्य हाराल्ड क्राबे यांनी १८६३ मध्ये आइसलँडमध्ये १०० कुत्र्यांचे शवविच्छेदन केले, तेव्हा त्यांपैकी २८ कुत्र्यांत हा जंत सापडला. विशेष म्हणजे आतड्यात असे हजारो जंत बाळगणारे कुत्रेही बहुधा धडधाकटच दिसते, त्यामुळे या रोगाच्या इतिहासात कुत्र्याचे ‘बरे होणे’ मालकाच्या डोळ्यांना कधी दिसलेच नाही.

माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी अधिक असलेल्या न्यूझीलंडमध्ये ही अडचण ठळकपणे पुढे आली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे अरेकोलीनच्या गोळ्या कुत्र्यांच्या मालकांनाच देण्यात आल्या, परंतु घरच्या घरी डोस देण्याच्या या पद्धतीने रोग हटला नाही. शिवाय जिवंत जंत व अंडी असलेली विष्ठा अंगणातच पडली, तर हा इलाज उलट घातक ठरण्याचा संभव होता. १९५९ च्या हायडॅटिड कायद्याने राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर ठरलेल्या जागी सरकारी देखरेखीखाली जुलाब देण्याची पद्धत रुळली. कुत्री ओळीने बांधून ठेवायची, डोस द्यायचा, जुलाब होईपर्यंत थांबायचे, विष्ठा गोळा करून ती धुऊन तपासायची, असा तो कार्यक्रम असे. काही कुत्री औषध ओकून टाकत, काहींना दुसरा डोस द्यावा लागे, आणि म्हाताऱ्या वा गाभण जनावरांना त्यापासून धोका संभवे. धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याला तासभर आजारी पाडून बरे करण्याचा हा प्रकार मालकांना पटवणे सोपे नसणार. तरीही त्याचा एक फायदा नाकारता येत नाही : उपचार आणि निदान एकाच वेळी होत असे, आणि ज्याच्या कुत्र्यातून जंत पडले त्या शेतकऱ्याने कच्चे यकृत खाऊ घातले होते हे त्यामुळे उघड होई.

१९७० च्या दशकात प्राझिक्वांटेल हे औषध आले. ते जंताला आतड्यातच मारते, जुलाब होत नाही आणि कुत्रे लगेच आपल्या कामाला लागते. संसर्गानंतर जंताला अंडी घालण्याइतके वाढण्यास सहा-सात आठवडे लागत असल्यामुळे सहा आठवड्यांच्या अंतराने डोस दिल्यास अंडी बाहेर पडण्यापूर्वीच चक्र तुटते. न्यूझीलंड २००२ मध्ये या रोगातून तात्पुरते मुक्त असल्याचे जाहीर झाले. मेलेला जंत पोटातच विरघळत असल्याने नव्या औषधाने जंत मोजता मात्र येत नाहीत, म्हणून एखाद्या प्रदेशातील कुत्र्यांची पाहणी करताना अरेकोलीनचा जुलाब त्यानंतरही वापरात राहिला.