जोडीतला दुसरा

फराळाचे ताट पुढे आले असता रसायनशास्त्राची गोष्ट काढणे, हा मास्तरकीचा दोषच म्हणायचा! पण वाचकहो, या गोष्टीचे त्या ताटाशी नाते आहे. आमच्या लहानपणी घरोघर वनस्पती तुपाचे डबे असत. तूप संपले की डब्यात तुळस लागे. पातळ तेलाचे असे घट्ट, रवाळ तूप होते कसे, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणालाच पडला नाही. त्याचे उत्तर दक्षिण फ्रान्समधील तुलूझ या शहरी सापडते.

तेथे पॉल साबातिए हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत राबणारे झाँ-बाप्तिस्त सेंदेरेन्स हे ख्रिस्ती धर्मगुरू. १८९० साली इंग्लंडात लुडविग माँड व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते की, निकेल हा धातू कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावून चक्क वायुरूप होतो. साबातिए यांच्या मनाने घेतले, निकेल एका वायूला धरतो, तर दुसऱ्यांना का धरणार नाही?

इतक्यात कळले की, पॅरिसचे नामांकित शास्त्रज्ञ म्वासाँ यांनी ॲसिटिलीन वायूवर असाच प्रयोग केला आहे. साबातिए थांबले. आपण हे काम पुढे नेणार आहात काय, असे त्यांनी म्वासाँना पत्राने विचारले आणि तिकडून मोकळीक मिळाल्यावरच कामाला हात घातला. दुसऱ्याच्या शेतात विचारल्यावाचून नांगर घालू नये, ही त्यांची रीत!

१८९७ साली या जोडीने तापलेल्या निकेलच्या बारीक भुकटीवरून एथिलीन वायू सोडला. बाहेर आलेल्या वायूत मुख्यत्वे एथेन निघाला. एथेन म्हणजे हायड्रोजन अधिक घेतलेला एथिलीनच. मग त्यांनी एथिलीन व हायड्रोजन एकत्र करून निकेलवरून नेले, तो दोघांचा सहज संयोग झाला. १९०१ साली हट्टी बेंझीनही वश झाले. १९०२ साली कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांपासून मिथेन आणि पाणी मिळाले. या शेवटच्या क्रियेचे यंत्र २०१० साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात बसवले गेले आणि अंतराळवीरांच्या उच्छ्वासातून पाणी मिळू लागले.

अशा मदतनीस पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. तो शेवटी होता तसाच उरतो, म्हणून तो नुसता साक्षीदार, वायूंना आपल्या छिद्रांत दाटीने उभे करणारा, असे पुष्कळांना वाटे. साबातिए म्हणाले, तसे नव्हे. निकेल हायड्रोजनशी क्षणभर खरोखर जोडला जातो, तो पुढच्याच्या हाती देतो आणि मोकळा होतो. काम संपल्यावर दिसत नाही, म्हणून त्याने काम केलेच नाही असे म्हणू नये.

तुलूझचे हे प्रयोग वायू आणि वाफेवरचे. पातळ तेलात हायड्रोजन मुरवण्याचे पेटंट जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली घेतले. त्यातून पुढे जगभर घट्ट तेलांचे कारखाने निघाले आणि आपल्याकडे डालडा आला. या तुपाने गरिबाघरच्या चकल्या तळल्या हे खरे. पण अर्धवट हायड्रोजन घेतलेल्या तेलात ट्रान्स फॅट उपजते व ते हृदयाला घातक, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणून २०२२ पासून भारतात त्याला २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. विद्येचे फळ गोड की कडू, हे पुष्कळदा नातवंडांनाच कळते.

१९१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून दिले गेले. अर्धे साबातिए यांना आणि अर्धे दुसऱ्या शोधासाठी व्हिक्टर ग्रीन्यार यांना. कितीतरी शोधनिबंधांवर साबातिए यांच्याशेजारी ज्यांचे नाव छापले होते, त्या सेंदेरेन्सना त्यात वाटा नव्हता. मार्गदर्शक कल्पना साबातिए यांची, हे मान्य. पण ज्या प्रयोगांनी निकेल हा नुसता साक्षीदार नाही हे जगाला पटले, त्या प्रयोगांतला दुसरा माणूस तरी साक्षीदार कसा ठरावा?

दिवाळीत आपण पहिली चकली सुबक उतरली की करणाऱ्या हाताचे कौतुक करतो. भाजणी भाजणारे, पहाटे जाते ओढणारे हात आठवतातच असे नाही. यंदा आठवा. आणि साबातिए यांचे नाव घ्याल, तेव्हा त्याला जोडून सेंदेरेन्स यांचेही घ्या.