दमडी मशिदीचा हिशेब

इथे ईस्ट टामाकीत मी लोकांचे हिशेब तपासते. गेल्या आठवड्यात लेकीने माझाच तपासला.

शाळेतून काम आलं होतं: आजी-आजोबांच्या गावातल्या एका इमारतीबद्दल लिहा. माझं माहेर नगरचं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. मी म्हटलं, भुईकोट किल्ला घे, नेहरू तिथे कैदेत होते, माहिती भरपूर मिळेल. तिने निवडली किल्ल्याजवळची दमडी मशीद. आजीने फोनवर गोष्ट सांगितली होती ना! किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून मशीद उभी राहिली.

"आई, तू आत गेली होतीस?"

मी गप्प. शंभरदा त्या बाजूने गेले असेन. 'ती आपली नाही' असं घरात कुणी शिकवलं नव्हतं, पण पाय कधी वळले नाहीत हेही खरं.

मग दोघी कागद घेऊन बसलो. दोन रकाने केले: 'नोंद' आणि 'सांगतात'.

नोंदीत आलं: मशीद १५६७ ची, निजामशाहीतला सरदार साहिरखान याने बांधलेली. तेव्हा गादीवर मुर्तझा निजामशाह. इमारत छोटी, दगडी, पण दगडावरची नक्षी बघत राहावी अशी. मूर्ती नाही, चित्र नाही, जे सांगायचं ते नक्षीतून. कमानी पूर्वेला उघडतात, कारण नमाजाला तोंड पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला. पश्चिमेच्या भिंतीत त्यासाठी कोनाडा असतो, त्याला मेहराब म्हणतात. लेकीने ग्लोब फिरवून पाहिलं. ऑकलंडहूनही मक्का साधारण पश्चिमेलाच! तिच्या वर्गातली मैत्रीण घरी त्याच दिशेला नमाज पढते, हे तिला आधीच ठाऊक होतं.

'सांगतात'मध्ये आली दमडीची गोष्ट. इथे माझ्यातली सीए जागी झाली. किल्ल्याची दगडी तटबंदी हुसेन निजामशाहाने १५५९ ते १५६२ मध्ये बांधली. मशीद १५६७ ची. मग मधली पाच वर्षं त्या दमड्या कुणाकडे जमा होत्या? पावती कुठे? त्याच काळात उत्तरेत अकबराच्या हिशेबात आठ दमड्यांचा एक दाम आणि चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे एका रुपयाला ३२० दमड्या! नगरचा दर वेगळा असेल, पण एवढी नक्षी दमड्यांत करायची तर किती हात लागले असतील?

"म्हणजे गोष्ट खोटी?" लेकीचा चेहरा उतरला.

खोटी म्हणणार नाही. ऑडिटमध्ये पुरावा नसलेली रक्कम ताळेबंदात धरत नाही, पण खाली टीप देतो. कागदावर नाव सरदाराचं राहिलं. गावाने मात्र मशिदीला हाक मारली ती सगळ्यात छोट्या नाण्याच्या नावाने. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' म्हणणाऱ्या आपल्या लोकांनीच हे नाव साडेचारशे वर्षांनंतरही तोंडात ठेवलंय. ती टीप मला मोलाची वाटते.

मुलं इथे वाढताना आपण त्यांना इतिहास देतो तो बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, एकाच रकान्यातला. दोन रकाने करून बघा. भांडणं कमी होतात, प्रश्न वाढतात.

डिसेंबरात नगरला जातोय. या वेळी आधी विचारून, चपला बाहेर काढून, आत जाणार.

तुमच्या गावातली अशी कुठली वास्तू, जिच्यावरून रोज गेलात पण आत गेला नाहीत?