एका फळीवरची लढाई

मे महिन्यातली दुपार आमच्या मराठवाड्यात कशी असते, हे वेगळं सांगायला नको. बारा वाजले की रस्ता ओस पडतो आणि कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत जाऊन बसतात. अशा दुपारी लोक झोपतात. मी मात्र माजघरात एक जुनी फळी काढून बसतो. ही फळी म्हणजे आमच्या पाडलेल्या घराच्या दाराची एक झडप. तिच्यावर गेली अकरा वर्षं, दर उन्हाळ्यात, मी एक लढाई मांडतो आहे.

मला लहान माणसं करायचा छंद आहे. लहान म्हणजे बोटाच्या पेराएवढी. तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा, त्यावर शाडू, ती वाळली की पांढऱ्या रंगाचा हात आणि मग शून्य नंबरच्या ब्रशने अंगरखा, पागोटं, पट्टा. उन्हाळ्यात रंग ब्रशावरच वाळतो, म्हणून ताटलीत ओलं फडकं ठेवून त्यावर रंग घ्यावा लागतो. सगळ्यात अवघड काम डोळ्यांचं. नवशिका माणूस दोन ठिपके देतो आणि शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसायला लागतो. डोळे काढायचेच नसतात. भुवईखाली सावलीची एक रेघ दिली की नजर आपोआप येते. हे समजायला मला तीन उन्हाळे लागले.

पण आज मला हस्तकलेविषयी बोलायचं नाही. या फळीने मला इतिहासाविषयी जे शिकवलं, ते सांगायचं आहे.

सुरुवात अर्थातच दिवाळीच्या किल्ल्याने झाली. आमच्या गल्लीतली सगळी पोरं मिळून किल्ला करायची. माती आणायला, दगड रचायला, अळीव पेरायला मी सगळ्यांच्या पुढे. कुंभाराकडचे मावळे आले, महाराज सिंहासनावर बसले, की लढाई सुरू व्हायची आणि कुणीतरी मला सांगायचं, ‘तू मोगल हो.’ त्यात कुणाच्या मनात वाईट काही नसायचं. नावावरून वाटणी व्हायची, इतकंच. मी मोगल व्हायचो आणि दर वर्षी हरायचो. फराळाच्या ताटात मात्र मला लाडू दोन मिळायचे.

महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, लष्करात सिद्दी हिलाल होता, दप्तरात काझी हैदर होता, हे मी फार पुढे, बी.ए.ला असताना वाचलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आमच्या किल्ल्यावर ही माणसं कधी उभीच केली नव्हती. कुंभाराच्या साच्यात ती नव्हती, म्हणून आमच्या डोक्यातही नव्हती.

फळीवर मी मांडली ती लढाई आसईची. आसई आमच्या जालना जिल्ह्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांचं सैन्य होतं आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी त्याला विचारलं, तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. आसईचं घेतलं.

मी आसईला पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यातच. केळना नदी कोरडी ठणठणीत होती. वेलस्ली आला तेव्हा पावसाळा सरत होता आणि नदीला पाणी होतं. पलीकडे शिंद्यांची कवायती पलटणं आणि तोफा उभ्या होत्या. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने हिशेब केला, की समोरासमोरच्या दोन गावांतली माणसं एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, तेव्हा इथे उतार असलाच पाहिजे. तसा तो होता. लेकी देण्याघेण्याची, बाजाराची, दळणाची वाट एका सेनापतीने लढाईसाठी वापरली. त्या कोरड्या पात्रात उभं राहिल्यावर मला तोफांपेक्षा त्या रोजच्या पायवाटेचाच जास्त विचार आला.

घरी येऊन मी फळीवर जमीन केली. लाकडाचा भुसा पिवळट रंगवला आणि डिंकावर पसरला. पुढच्या वर्षी त्या भागातला एक ओळखीचा शेतकरी घरी आला. फळी बघून हसला आणि म्हणाला, ‘चाचा, भादव्यात असं वाळकं रान असतंय का? तवा बाजरी डोक्याएवढी असती.’ खरंच की! मी पाहिलेला उन्हाळा मी इतिहासाला नेसवला होता. सगळा भुसा खरवडला आणि पुन्हा हिरवा केला.

पिकावरून आठवलं. याच वेलिंग्टनच्या वॉटर्लूची एक प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. ती विल्यम सायबॉर्न नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केली. १८३० मध्ये त्याला हे काम मिळालं. तो वॉटर्लूच्या रणावरच्या ला हे सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला आणि त्याने जमिनीचा चढउतार मोजला. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कुठे होती? समोर शत्रूचं कोण होतं? आणि तुमच्या पायाखाली पीक कोणतं होतं? कारण वॉटर्लूची लढाई १८ जूनची, ऐन उन्हाळ्यातली. शेतात राय नावाचं धान्य उभं होतं. कित्येक वर्षांपूर्वीच्या रणधुमाळीतल्या पिकाची चौकशी करणारा हा माणूस मला एकदम जवळचा वाटला. माझ्याकडे बाजरीवाला शेतकरी घरी चालून आला, त्याला पत्रं लिहावी लागली, एवढाच फरक.

त्याला शेकड्यांनी उत्तरं आली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतली निवडक पत्रं पुढे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये छापली. मधे, १८३३ मध्ये, सरकारकडून मिळणारा पैसा बंद झाला. सायबॉर्नने पदरमोड केली, कर्ज काढलं, पण काम सोडलं नाही. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली, तेव्हा एक शिलिंग देऊन सुमारे एक लाख लोक ती पाहून गेले. आजही तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक शिपाई उभे आहेत. सायबॉर्नच्या हाती मात्र पैसा लागला नाही.

खरी गंमत, किंवा खरं दुखणं, पुढे आहे. सायबॉर्नने संध्याकाळी सातची वेळ निवडली आणि पुरावा पाहून मांडणी केली, तेव्हा इंग्रजांच्या मदतीला आलेलं प्रशियाचं सैन्य रणावर भरपूर दिसायला लागलं. हे वेलिंग्टनला मानवलं नाही. विजयाचं श्रेय कुणाचं, हा प्रश्न त्या हजारो चिमुकल्या शिपायांनी उभा केला होता. शेवटी सायबॉर्नने प्रशियाचे हजारो शिपाई प्रतिकृतीवरून काढून टाकले. हे नेमकं कोणत्या दबावाने झालं, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. पण शिपाई निघाले, हे खरं.

मला त्या उचललेल्या शिपायांची आठवण वरचेवर येते. खेळण्यातलं माणूस उचलायला दोन बोटं पुरतात. कागदावर नाव खोडलं तर खोडल्याची खूण तरी राहते. इथे भुसा सारखा केला की संपलं.

आणि आणखी एक गोष्ट. सायबॉर्नने पत्रं लिहिली ती अधिकाऱ्यांना. साध्या शिपायाला कुणी विचारलं नाही, तुझ्या पायाखाली काय होतं म्हणून. आमच्या आसईचं तर याहून अवघड. कंपनीच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, अशी मोजदाद आहे. शिंद्यांच्या बाजूचे किती पडले, तो आकडा अंदाजाचाच. शिंद्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांजवळून हलले नाहीत, हे शत्रूने लिहून ठेवलं. पण त्यांना घरी काय नावाने हाक मारत, ते कुणी लिहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याजवळ येऊन बसायला लागला. सुट्टी होती, वीज गेली होती, म्हणून मोबाइल बंद. बराच वेळ बघून त्याने विचारलं, ‘चाचा, यातले आपले कुठले?’

मी ब्रश खाली ठेवला. पन्नास वर्षांपूर्वी गल्लीतल्या किल्ल्यावर याच प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्यांनी दिलं होतं. आता ते मला द्यायचं होतं. मी म्हटलं, आपण एकेक बघू या.

हे शिंद्यांचं पायदळ. सैन्य मराठ्यांचं, पण पलटणींतले कित्येक शिपाई उत्तर हिंदुस्थानातले, रजपूत आणि मुसलमान, आणि त्यांचा सेनानी पोलमान हा हॅनोवरचा जर्मन. ही मागे उभी आहेत ती बेगम समरूची पलटणं. सरधन्याची ही राणी जन्माने मुसलमान, पुढे ख्रिस्ती झाली आणि तिचे शिपाई इथे शिंद्यांच्या बाजूने आले होते. आता कंपनीची बाजू बघ. हे तांबडे डगलेवाले सगळे इंग्रज नाहीत. हे स्कॉटलंडचे आहेत आणि हे बहुतेक मद्रासकडचे शिपाई, त्यांत तेलुगू, तमिळ, मुसलमान. आणि नदीच्या अलीकडे हे घोडेस्वार आहेत, ते कुणाचे? म्हैसूरचे आणि पेशव्यांचे. डिसेंबर १८०२ मध्ये वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचा आसरा घेतला, मे १८०३ मध्ये याच वेलस्लीने त्याला पुण्याला परत नेऊन बसवलं आणि चार महिन्यांनी पेशव्यांचे स्वार शिंद्यांच्या समोर उभे राहिले.

मुलगा गोंधळला. म्हणाला, ‘म्हणजे मराठे दोन्हीकडे? आणि मुसलमान पण दोन्हीकडे?’ मी म्हटलं, हो. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात संपतं. फळीवर संपत नाही, कारण तिथे प्रत्येक माणूस कुठेतरी उभा करावा लागतो.

लहान शिपायांशी खेळणाऱ्यांना लोक युद्धखोर समजतात. मला तसं वाटत नाही. ज्या वेलिंग्टनविषयी आपण बोलतोय, त्याचंही एक खेळणं झालं होतं. जून १८२६ मध्ये इंग्लंडातल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्याने मुलासाठी लीड्सहून बारा लाकडी शिपाई आणले. दहा वर्षांच्या शार्लटने त्यातला एक उचलला आणि त्याचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. भावाने आपल्या शिपायाचं नाव ठेवलं बोनापार्ट. त्या शिपायांना वाचता यावीत म्हणून या ब्राँटी भावंडांनी आगपेटीपेक्षाही लहान वह्या शिवल्या आणि मुंगीएवढ्या अक्षरांत गोष्टी लिहिल्या. पुढे शार्लट, एमिली आणि ॲन या तिघी बहिणी इंग्रजीतल्या मोठ्या कादंबरीकार झाल्या. शार्लटने १८३० मध्ये केलेली अशी एक वही २०१९ साली पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना गेली आणि तिच्या घरी परतली. ते घर आता संग्रहालय आहे. शिपायांतून तिथे लढाई नव्हे, वाङ्मय निघालं.

एच. जी. वेल्स हा दुसरा. त्याने १९१३ मध्ये खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि शेवटी म्हटलं, की हा खेळ तीनचारदा खेळून पाहा, खरं युद्ध किती घोडचुकांचं असतं ते आपोआप कळेल. एका वर्षात पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्याच वेल्सने तेव्हा लिहिलं, की हे युद्ध सगळी युद्धं संपवील. जमिनीवर मांडलेल्या कथलाच्या आणि शिशाच्या शिपायांनी त्याला जे शिकवलं, ते खऱ्या रणाचा धूर दिसताच तोही विसरला. शहाणी माणसंही अशी विसरतात, म्हणून दर उन्हाळ्यात फळी काढावी लागते.

यंदा माझे चाळीसएक पुतळे उरले आहेत. ते शिपाई नाहीत. पाणके आहेत, बैलांवरून धान्य आणणारे वंजारी तांडे आहेत आणि पिंपळगावच्या बाजूला नदीवर घागर घेऊन आलेली एक बाई आहे. तिच्या पायवाटेनेच तर सगळं सैन्य उतरलं. तिला कुठल्याच नकाशात जागा नाही. मी दिली आहे.

शेजारचा मुलगा आता स्वतः रंगवतो. मी त्याला शिंद्यांचा एक गोलंदाज दिला होता. त्याने त्याला पांढऱ्या मिशा काढल्या, त्याच्या आजोबांसारख्या. डोळे काढू नकोस, भुवईखाली सावली दे, असं मी सांगितलं. त्याने दिली आणि गोलंदाज बघायला लागला. मी विचारलं, याचं नाव काय ठेवायचं? मुलगा म्हणाला, ‘चाचा, अजून ठरवलं नाही. थांबा की जरा.’

मी थांबलो आहे. सुट्टी संपायला अजून दिवस आहेत. तुमच्या घरातल्या मुलांनाही या सुट्टीत मूठभर शाडू देऊन पाहा. त्यांनी किल्ला केला, गाव केलं, लढाई केली, तर एवढंच विचारा, अजून कोण कोण होतं रे तिथे?