लाकडी रॅकेट आणि ती घडविणारे हात

कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हांस बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटीवर बोलावयास कोणी उभे केले, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण आमच्या कचेरीच्या भिंतीवर टांगलेले आहे. मोडीच्या बाजारातून आणलेली ती एक लाकडी रॅकेट आहे. तिच्या ताती तुटल्या आहेत आणि मुठीचे कातडे सुटले आहे. तरीही पन्नाशी ओलांडलेला कोणीही गृहस्थ कचेरीत आला, की ती खाली काढतो, हातात तोलून पाहतो आणि नसलेल्या फुलाला एक फटका मारतो. पगाराच्या तक्रारीसाठी आलेला माणूस क्षणभर तक्रार विसरतो. या ओढीचे मूळ कशात असावे, हा प्रश्न आम्हांस बरीच वर्षे पडला आहे.

या खेळाचा आणि आपल्या मुलखाचा संबंध जुना आहे. पुण्याच्या लष्करी छावणीत गोरे अधिकारी तो खेळत, आणि त्याचे आरंभीचे नियम सन १८७३ च्या सुमारास तेथेच बांधले गेले, असे मानतात. एके काळी या खेळाला ‘पूना’ असेच नाव होते. पुढे इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात ब्यूफोर्टच्या ड्यूकचा जो बॅडमिंटन नावाचा वाडा आहे, त्यावरून हल्लीचे नाव रूढ झाले. इंग्लंडची संघटना १८९३ साली निघाली आणि ऑल इंग्लंड स्पर्धा १८९९ पासून सुरू झाली. नाव वाड्याचे राहिले, पुण्याचे गेले.

आता रॅकेटीकडे वळू. अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफवून मऊ करावयाच्या, साच्याभोवती वाकवून सरसाने एकावर एक चिकटवावयाच्या, आणि वाळल्या की त्यांस तासून आकार द्यावयाचा. कडेने भोके पाडून त्यांतून मेंढीच्या आतड्याची तात ओवावयाची. लाकडी रॅकेटीचे वजन साधारणपणे १२० ते १५० ग्रॅम भरे, तर आजची कार्बनची रॅकेट ८० ते ९० ग्रॅमची असते. लाकडाचा आणखी एक स्वभाव असा, की ते दमट हवेत वाकडे होते. म्हणून खेळ संपला, की रॅकेट लाकडी चौकटीत घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळावे लागत. कृष्णा-कोयनेला पूर आलेला असताना, भिंतींना ओल सुटलेली असताना हे काम चुकविले, तर पावसाळा सरता सरता रॅकेट पळीसारखी होई आणि ताती सैल पडत. ज्या वस्तूची अशी निगा राखावी लागते, तिचा लळा लागतो. या ओढीचे हे पहिले कारण होय.

दुसरे कारण खेळाचे आहे. सांगली येथे १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर हे याच काळातील खेळाडू. सन १९५४ मध्ये ते ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले. सन १९५६ मध्ये त्यांनी क्वालालंपूर येथे सेलँगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि परदेशात बॅडमिंटनचे अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांचाच होता. जुलै २०२१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या खेळातील नजाकत जुनी माणसे अजून वाखाणतात. जड रॅकेट केवळ जोरावर चालत नाही, मनगट आणि अंदाज यांवर चालते. ती हाती धरणाऱ्याला तो काळ आठवतो.

परंतु या रॅकेटी करीत कोण? अखंड हिंदुस्थानात खेळाच्या सामानाचे मोठे केंद्र सियालकोट होते. सन १९४७ मध्ये फाळणी झाली आणि तेथील अनेक कारखानदार व कारागीर निर्वासित होऊन जालंधरला व मीरतला आले. त्या कारागिरांत दलित समजल्या गेलेल्या मेघ समाजाची पुष्कळ कुटुंबे होती. घरदार मागे राहिले, पण हातातील कसब बरोबर आले. त्या कसबावर जालंधरच्या वस्त्यांत हा धंदा पुन्हा उभा राहिला. काम बहुधा घरोघर वाटलेले आणि मजुरी नगावर. रॅकेटीवर छाप मालकाच्या नावाची पडे. ज्याने लाकूड वाकविले, त्याचे नाव कोठेही नसे.

पुढे लाकूड गेले. पोलादी दांडा आला, अ‍ॅल्युमिनियम आले, त्यामागून कार्बन आला. जपानातील योनेक्स या प्रसिद्ध कंपनीचीच कथा पाहा. मिनोरू योनेयामा यांनी १९४६ साली निईगाता प्रांतात मासेमारीच्या जाळ्यांसाठी लाकडी तरंगे करण्याचा धंदा काढला. प्लास्टिकचे तरंगे आले आणि तो बसला. तेव्हा १९५७ मध्ये ते लाकडी रॅकेटींकडे वळले, आणि काही वर्षांतच त्यांना लाकूड सोडून धातूकडे जावे लागले. मालकास एका धंद्यातून दुसऱ्यात जाता येते. नगावर काम करणाऱ्या कारागिरास तशी सोय नसते. नव्या साधनांस आमचा विरोध नाही. नवी रॅकेट हलकी आहे, टिकाऊ आहे, आणि खेळ तिने वेगवान झाला आहे. मात्र प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी जुन्या हातांचे काय झाले, हे विचारणे आम्ही आमचे काम समजतो.

तसे समजतो खरे, पण एकदा आम्हीच ते विसरलो. भिंतीवरची रॅकेट दुरुस्तीसाठी आम्ही कराडातील एका वृद्ध सुताराकडे नेली आणि जुन्या काळचे काम कसे इमानी होते, यावर त्यांस लहानसे व्याख्यानच दिले. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, “काम झकास हाय. पर ह्ये वाकवणाऱ्याला नगाला काय मिळत हुतं, ते इचारलं का कुणाला? तुमचा तर त्योच धंदा हाय न्हवं?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे जो प्रश्न आम्ही मालकांस विचारीत आलो, तो त्या रॅकेटीपुढे आम्हांस सुचला नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. जुनी रॅकेट अवश्य जपावी. तिच्यात कारागिराच्या हाताचे काम उघड दिसते, आणि आपणास तिची ओढ वाटते ती बरीचशी त्यामुळेच. परंतु त्या हाताचे कौतुक करावयाचे आणि त्याच्या मजुरीची चौकशी करावयाची नाही, हे अर्धेच प्रेम झाले. सुतारबुवांनी सांधा नीट बसवून दिला. मजुरी किती, असे विचारले, तेव्हा ते “द्या काय द्यायचं ते” म्हणाले. आम्ही म्हणालो, “तसे नाही, आकडा सांगा.” त्यांनी आकडा सांगितला, आणि तो आम्ही घासाघीस न करता दिला.