हेफ पूल
हेफ पूल : नेदर्लंड्समधील रॉटरडॅम शहरात, न्यूव्ह मास नदीच्या दक्षिणेकडील फाट्यावर असलेला रेल्वेचा उचलपूल. अधिकृत नाव कोनिंग्सहाव्हन पूल. येथील १८७८ चा फिरता पूल वाढत्या जलवाहतुकीला अडचणीचा ठरू लागला. १९१८ मध्ये त्यास एका जर्मन जहाजाची धडक बसली. त्यानंतर पीटर योस्टिंग यांच्या आराखड्यानुसार बांधलेला उचलपूल १९२७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. यात मधला गाळा आडवा राहूनच दोन पोलादी मनोऱ्यांमध्ये सरळ वर चढतो. गाळ्याचा भार समतोलक वजनांनी तोलून धरलेला असल्याने यंत्रांना थोडीच शक्ती लागते. पुलाच्या या हालचालींवर योरिस इव्हन्स यांनी १९२८ मध्ये मूकपट काढला.

नदीखालील रेल्वे बोगद्यामुळे १९९३ मध्ये पूल निरुपयोगी झाला व तो पाडण्याचे घाटत होते. तथापि नागरिकांच्या विरोधामुळे तो वाचला आणि २००० मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरला. मधला गाळा तेव्हापासून सामान्यतः वर उचललेलाच असतो. दुरुस्तीसाठी २०१४ मध्ये उतरविलेला हा गाळा २०१७ मध्ये पुन्हा बसविण्यात आला. एका खाजगी शौकनौकेच्या उंच डोलकाठ्यांसाठी तो पुन्हा काढण्याची कल्पना २०२२ मध्ये पुढे आली. त्यावरून मोठा लोकक्षोभ उसळला. अखेर ती नौका डोलकाठ्या न उभारताच दुसऱ्या जलमार्गाने ओढून नेण्यात आली.